परत येण्याचं ठिकाण

चमच्यांच्या खणात चमचे नव्हते. सुतळीचे तुकडे होते, गेलेले दोन बल्ब होते, कसल्याशा कुलपाची एकटीच उरलेली किल्ली होती आणि आईने कधीतरी जपून ठेवलेल्या रबरबँडांचा गुंता होता. तिने खण ज्या झटक्यात उघडला त्याच झटक्यात बंद केला, पण मागे स्वयंपाकघराच्या दारात सरकारकडून चौकशीला आलेल्या बाई उभ्या होत्या आणि त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी साधा चमचा मागितला होता. घसा बसलाय म्हणून चहात साखर जास्त घातली होती आणि ती तळाशीच राहिली होती. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने त्याच्या खालचा खण ओढला, मग पलीकडचा ओढला, आणि शेवटी चमचे सापडले ते ओट्यावरच्या उभ्या स्टीलच्या डब्यात, अगदी नाकासमोर, जिथे ते ती शाळेत होती तेव्हापासून होते. शेगडीच्या उजव्या हाताचा वरचा खण हा तिकडच्या घरातला चमच्यांचा खण होता. तिकडच्या म्हणजे सीमेपलीकडे, दुसऱ्या राज्यात, जिथे ती आणि तिचा नवरा लग्नापासून राहत आले होते. हात बिनदिक्कत तिकडे गेला होता आणि बाकीची ती इकडे उभी होती. इकडे, म्हणजे जिथे आपण कायमच्या राहतो असं तिने थोड्याच वेळापूर्वी याच बाईंसमोर शपथेवर सांगितलं होतं.

"होतं असं," चौकशीच्या बाई म्हणाल्या आणि चमचा घेऊन बाहेरच्या खोलीत गेल्या. त्यांचा आवाज इतका बसलेला होता की तो समजुतीचा आहे की टिपून घेतल्याचा, हे तिला ओळखता येईना.

बाहेरच्या खोलीत खिडकीखाली दादा बसला होता. त्याच्या डाव्या हाताला पुठ्ठ्याच्या सपाट तुकड्यांचा ढीग होता आणि उजव्या हाताला घड्या घालून उभे केलेले छोटे खोके. कोपऱ्यावरचा बेकरीवाला हे काम त्याला घरी पाठवत असे, आणि दादाने उभा केलेला खोका एका कोनातही चुकत नसे. दादा तिचा सख्खा मोठा भाऊ, पन्नाशी ओलांडलेला, कानशिलांवर पांढरा झालेला. डॉक्टरांच्या कागदावर त्याच्या समजेचं वय वेगळं लिहिलेलं होतं, पण तो आकडा ती कधी मोठ्याने वाचत नसे. आई होती तोवर प्रश्न नव्हता. आई गेल्यावर या राज्याच्या कायद्याला एकाएकी दादा दिसला. ज्याला स्वतःचे व्यवहार बघता येत नाहीत त्याला पालक हवा, आणि पालक याच राज्याचा कायमचा रहिवासी हवा. तसा कुणी नसेल तर सरकार पालक होणार आणि दादाला इथून बऱ्याच लांबच्या गावातल्या सरकारी वसतिगृहात ठेवणार. ती ते वसतिगृह पाहून आली होती. वाईट नव्हतं. फरशी स्वच्छ होती, माणसं हसून बोलत होती. पण जिन्याखाली जाळीचं एक कपाट होतं, त्याला कुलूप होतं, आणि आत सगळ्यांचे बूट होते. "नाहीतर चालायला लागतात हो कुठेही," तिथल्या मावशी म्हणाल्या होत्या. त्यात काही खोटं नव्हतं, पण परतीच्या बसमध्ये तिच्या डोळ्यांसमोरून ते कपाट हलेना. कारण दादाचं सगळं बुटांवर होतं. आई गेल्यावर पहिल्याच महिन्यात ती त्याला तिकडे घेऊन गेली होती, म्हटलं, आपल्याकडेच राहील, त्यात काय एवढं. दादा तिकडच्या घराच्या बोळवजा पॅसेजमध्ये उभा राहिला तो बूट न काढता. जेवला बुटांत, बसल्या बसल्या झोपला तेही बुटांत. "दादा, काढ ना बूट," म्हटलं की म्हणे, "आता निघायचंच आहे." नवऱ्याने परोपरीने सांगून पाहिलं, विनोद करून पाहिले. पाय सुजले तेव्हा ती हरली आणि त्याला परत घेऊन आली. या उंबऱ्याशी पोचल्यावर दादाने कुणी न सांगता खाली बसून बूट काढले आणि जोडीने भिंतीला लावले. इतकं सोपं. कायद्याला जे तिच्याकडून कागदांच्या चळतीत सिद्ध करून हवं होतं, ते दादा दोन नाड्या सोडून सिद्ध करत होता.

"दिवस मोजतील ते," वकीलबाईंनी तिला पहिल्या भेटीत सांगितलं होतं, "पण नुसत्या दिवसांवर ठरत नाही. तुमचे दिवस तर निम्मे निम्मे. खरा प्रश्न मनाचा. माणूस बाहेर गेला की त्याच्या मनात परत यायचं ठिकाण कुठलं असतं, ते त्याचं घर. बाकी सगळ्या नुसत्या खोल्या."

"मन कसं बघणार?" तिने विचारलं होतं.

"मन दिसत नाही ना, म्हणून सामान बघतात."

तिला हे उत्तर पटलं होतं. तिच्या कामातही असंच होतं. ती तपासनीस होती, माणसांची नव्हे, उपकरणांची. दवाखान्यांतले लसींच्या फ्रिजचे तापमापक, औषधांच्या दुकानांतले बारीक तराजू, हे खरं सांगतात की नाही ते खात्रीच्या तापमापकाशी आणि खात्रीच्या वजनांशी ताडून बघायचं आणि शिक्का मारायचा. उष्णता कुणालाच दिसत नाही, पारा चढलेला दिसतो. आणि पारा स्थिर झाल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हा तिच्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाला तिने घालून दिलेला पहिला धडा. तापमापक बर्फाच्या पाण्यातून काढून कोमट पाण्यात घातला, स्थिरावायच्या आत पुन्हा बर्फात घातला, पुन्हा कोमट पाण्यात, असं करत राहिलं तर तो खोटं बोलत नाही, पण खरंही सांगत नाही. तो कुठल्याच पाण्याचा आकडा दाखवत नाही. गेलं वर्षभर ती हेच करत होती. प्रयोगशाळेने सांभाळून घेतलं होतं, या राज्यातल्या दवाखान्यांची फेरी तिच्याकडे दिली होती, त्यामुळे महिन्याचा अर्धा भाग इकडे आणि अर्धा तिकडे बसत होता. आपण दोन्हीकडे राहतो असं ती म्हणत असे. ते ऐकणारे लोक मान डोलवत, आणि त्या मान डोलवण्यात तिला नेहमी थोडीशी कीव दिसत असे.

"मला खोल्या बघू द्या," चौकशीच्या बाई म्हणाल्या. चहा संपला होता. त्या तिच्यापेक्षा तरुण होत्या, चपला दारात काढून अनवाणी फिरत होत्या आणि प्रत्येक दाराशी क्षणभर थांबत होत्या, आत कुणी झोपलंय की काय असं वाटून थांबावं तशा. तिच्या खोलीत त्यांनी कपाट उघडायला सांगितलं. मग आरशासमोरची फणी उचलली, पालथी करून पाहिली. क्रीमची डबी उघडली. पलंगाखालच्या सपाता पायाच्या अंगठ्याने उलट्या केल्या.

"सगळं नवीन दिसतंय," त्या म्हणाल्या.

"नवीन नाही. निम्मं वापरलेलं आहे."

बोलून गेल्यावर तिला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. पण खरं तेच होतं. वस्तू दोन दोन घ्यायची कल्पना नवऱ्याची. सुरुवातीला ती दर खेपेला बॅग भरायची, काहीतरी विसरायची, आणि विसरलेल्या वस्तूसाठी दुसऱ्या घरात चिडचिड करायची. मग एका दुपारी त्याने तिला बाजारात नेलं आणि दोन फण्या घेतल्या, दोन सपाता, दोन क्रीमच्या डब्या, दोन छत्र्या, एकाच छापाच्या दोन चादरी. दुकानदाराने विचारलं, जुळ्या बहिणी आहेत का. नवरा म्हणाला, "नाही हो, एकच आहे, पण पुरवून वापरतोय." ती किती हसली होती तेव्हा. रिकाम्या हातांनी बसमध्ये चढण्याची गंमत तिला पुढे कितीतरी दिवस पुरली. दोन्ही घरांना आपण स्वतःला सारख्याच मापाने वाटून दिलंय, कुणाचंही कमी केलेलं नाही, असं तिला वाटे. फक्त पहाटे कधी जाग आली की ती चादर, ती उशी, ती सपाता पाहून आपण कुठे आहोत ते कळायला वेळ लागे. आणि त्या वेळात, बाहेरचा आवाज ऐकून ठिकाण ओळखेपर्यंत, छातीत एक विचित्र पोकळी असे, पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली जमीनच लागावी तशी. आता वर्षाच्या वापराने सपाता जितक्या झिजायला हव्या होत्या तितक्या त्या झिजल्याच नव्हत्या. दोन घरांत मिळून एक माणूस झिजत होतं आणि सपातांच्या तळव्यांवर त्याचा अर्धाच पुरावा उमटत होता. चौकशीसाठी म्हणून परवाच आणून मांडल्यासारखं सगळं दिसत होतं.

"शेजारच्या काकूंशी बोलले मी आधी," चौकशीच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही नसता तेव्हा त्या बघतात ना यांच्याकडे?"

"हो. जेवणखाण बघतात. झोपायलाही इथेच असतात."

"फार कौतुक करत होत्या तुमचं. म्हणाल्या, अशी बहीण बघितली नाही. एकदाही यायची चुकवत नाही."

तिने कपाटाचं दार लावून घेतलं. काकूंनी तिचं भलं करायच्या नादात तिला पाहुणी करून टाकलं होतं, आणि काकूंचं काही चुकलंही नव्हतं. ती येते तेव्हा काकू दार उघडून म्हणतात, "आलीस का बाई." तिकडे दार उघडून नवरा म्हणतो, "या." जो इथलाच असतो त्याला दार उघडून कोण काय म्हणतं? दादाला कुणी काही म्हणत नाही.

बाहेरच्या खोलीत येऊन चौकशीच्या बाई दादासमोरच्या खुर्चीवर बसल्या. दादाने त्यांच्याकडे न बघता एक खोका त्यांच्या बाजूला सरकवला. तो त्यांनी हातात घेतला, कौतुकाने फिरवला. त्यांना ही माणसं नवी नव्हती हे त्यांच्या बसण्यावरून कळत होतं, आणि त्यामुळे तिला धीर यायच्या ऐवजी भीतीच वाटली. नवख्या माणसाला फसवता आलं असतं.

"दादा, तुमची बहीण कुठे राहते हो?"

दादाने मान वर केली. "छोटी?"

"हो, छोटी."

"आत्ता दारात उभी आहे."

"आणि इथे नसते तेव्हा?"

दादाने पुठ्ठ्याची कड बोटाने दाबून सरळ केली. त्याला घाई नव्हती. "इथे नसते तेव्हा बसमध्ये असते," तो म्हणाला.

चौकशीच्या बाईंना हसू आलं, खोकला आला, आणि त्यांनी रुमाल तोंडाशी धरला. ती हसू शकली नाही. दादा कधी काही रंगवून-सावरून बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. तो जे बघतो ते सांगतो. त्याने तिला बसमध्ये चढताना पाहिलेलं असतं आणि बसमधून उतरताना पाहिलेलं असतं, मधलं तिकडचं घर, नवरा, प्रयोगशाळा, गॅलरीतली तिची दोन झाडं, हे सगळं त्याच्या हिशेबी कुठेच नसतं. त्याच्या लेखी ती निघते आणि बसमध्ये बसून राहते, खिडकीशी, पुन्हा उतरण्याची वेळ येईपर्यंत. तिला एकदम घाम फुटला. कारण हे जर चौकशीच्या कागदावर गेलं तर एका अर्थी तेच सगळ्यांत खरं होतं.

"आता एकच राहिलं," चौकशीच्या बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून हाताएवढा टॅब काढला. "तुमच्या तिकडच्या घरी तिथल्या ऑफिसचे लोक परवा जाऊन आले. फोटो पाठवलेत. मिस्टर बोलले असतील तुम्हाला."

"आले होते एवढं म्हणाला."

तो एवढंच म्हणाला होता. "आले होते गं तुझे पोलिस. चहा पिऊन गेले. सगळं झकास," असं, मागे त्याच्या यंत्राची घरघर चालू असताना. नवरा दातांच्या कवळ्या बनवत असे. तिकडच्या घराची मागची गॅलरी बंद करून त्याने तिथे कामाची जागा केली होती आणि दिवसभर तो कुणाच्या तरी जबड्याचा प्लास्टरचा साचा घासत बसलेला असे. बायकोपेक्षा परक्यांचे जबडे मी जास्त बघतो, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. ते काम उचलून इकडे आणणं शक्य नव्हतं. सगळे दंतवैद्य तिकडचे, सगळी घसट तिकडची. त्यावर त्यांचं कधी भांडण झालं नव्हतं. भांडण व्हावं इतकं ते दोघं त्या विषयावर कधी थांबलेच नव्हते.

टॅबवर तिचं घर होतं. पहिल्या फोटोत दर्शनी दार, दुसऱ्यात बैठक. तिसऱ्यात कपाट, उघडं, आणि त्याची तिची बाजू रिकामी. नुसती रिकामी नव्हे, हँगरसुद्धा काढलेले. तिने ओठ मिटून घेतले. पुढच्या फोटोत पलंग होता. ती चादर, आणि त्यावर एकच उशी. तिचं लक्ष त्या उशीवर गेलं आणि तिथून हलेना. उशी पलंगाच्या मधोमध होती. चौकशीच्या लोकांना दाखवायचं म्हणून त्याने तिची उशी उचलून ठेवली असेल, ठीक, ती मदतच झाली. पण स्वतःची उशी मध्ये घ्यायला कुणी सांगितलं होतं? एका उशीची जागा रिकामी ठेवली असती तरी काम झालं असतं. की ती नसते त्या दिवसांत तो असाच झोपतो, आणि ती येणार त्या दिवशी बाजूला सरकतो? हे तिला विचारता येण्यासारखं नव्हतं. तिला कळलं नसतं तर ते नसतंच. आता ते होतं.

"हा बाथरूमबाहेरचा आरसा," चौकशीच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा फोटो काढला. "इथेही तुमचं काही नाही. एक त्यांचा ब्रश." मग त्या थांबल्या. त्यांनी दोन बोटं काचेवर ठेवून ताणली. फोटो मोठा झाला.

आरशाखालच्या काचेच्या फळीवर पांढरी धूळ होती. प्लास्टरची, गव्हाच्या पिठाहून बारीक. ती धूळ त्या घरात कधी थांबत नसे. ती तिकडे पोचली की हातपाय धुवायच्या आधी ओलं फडकं घेऊन फळ्या पुसत असे, आणि दोन दिवसांत पुन्हा सगळ्यावर सायीसारखा थर येत असे. या चौकशीसाठी इकडेच अडकल्यामुळे ती तिकडे जाऊन जवळजवळ तीन आठवडे झाले होते. थर चांगला जाड होता. आणि त्या थरात स्वच्छ काचेची वर्तुळं होती. एक मोठं, एक त्याहून लहान, एक अगदी लहान, आणि शेजारी एक लांबट पट्टी. काठ इतके रेखीव होते की तिने प्रत्येकाचा व्यास डोळ्यांनी मोजला असता. मोठं क्रीमच्या डबीचं. मधलं तिच्या ब्रशच्या पेल्याचं. छोटं डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटलीचं. पट्टी फणीची. नवऱ्याने वस्तू उचलल्या होत्या, पण फळी पुसली नव्हती. तो कधीच पुसत नसे. ते लोक येण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी त्याने हे केलं असणार, नाहीतर वर्तुळांवरही पुसट थर आला असता. ती वाचू शकत होती ते सगळं, एखाद्या तापमापकासारखं. त्या घरात तिचा एवढाच पुरावा उरला होता, आणि तो तिच्या विरुद्ध होता.

"हे काय होतं इथे?" चौकशीच्या बाईंनी विचारलं.

उत्तर तिच्याजवळ तयार होतं. साच्यांचे डबे. नवरा कवळ्या करतो, लहान-मोठे डबे घरभर ठेवतो, आरशाखालीही ठेवत असेल. ते इतकं बेमालूम बसणारं होतं की जणू खरं घडून मग विसरलं गेलं होतं. चौकशीच्या बाईंनी मान हलवून पुढचा फोटो काढला असता. आणि खरं सांगितलं तर तिने आणि नवऱ्याने मिळून सरकारला फसवायला घर आवरलं असा त्याचा अर्थ होत होता. खोलीत फक्त पुठ्ठ्याचा करकर आवाज होता. दादाने एक खोका उभा केला, बाजूला ठेवला, दुसरा घेतला. तिला जाळीचं कपाट दिसलं. त्यातले बूट दिसले, सगळे एकाच दिशेला तोंड करून ठेवलेले. तिने आयुष्यात न बघितलेला आकडा एकदाही लिहिला नव्हता, आणि याचा तिला अभिमान होता हे तिला त्या क्षणी कळलं, आणि दादाच्या बुटांपुढे तो अभिमान काय चाटायचाय असंही वाटलं. तिने तोंड उघडलं ते डबे म्हणायलाच.

"माझ्या वस्तू होत्या," ती म्हणाली. "त्याने काढून ठेवल्या. मी सांगितलं नव्हतं त्याला."

चौकशीच्या बाईंनी टॅब मांडीवर पालथा ठेवला. "म्हणजे तुम्ही तिथे राहता."

"निम्मा महिना राहते."

"ते तुमच्या अर्जात आहेच. मी हे नाही विचारत. काढून ठेवावं लागलं, यावरून मी काय समजायचं ते सांगा." त्यांचा आवाज जवळजवळ गेलाच होता, त्यामुळे त्या कुजबुजल्यासारख्या बोलत होत्या, आणि तीही नकळत खालच्या आवाजात बोलू लागली.

"आत्ता दादा म्हणाला ते ऐकलंत ना," ती म्हणाली. "बसचं. ते बरोबर आहे. तिथूनच सांगते. इथून तिकडे जाताना मी बसते आणि झोपते. सीमेवरचा नाका येतो, लोक उतरतात, चहा पितात, मला पत्ता नसतो. तिकडे काय बिघडणार आहे? तो त्याचं करून खातो. मी दोन दिवस उशिरा गेले तर म्हणतो, बरं. सावकाश ये." हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण ते आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. "तिकडून इकडे येताना मात्र डोळा लागत नाही. काकूंना बरं असेल ना, गॅस बंद असेल ना, बेकरीवाल्याचा माणूस आला असेल ना. नाक्यानंतर तर मी पुढच्या सीटची दांडी धरून बसते. स्टँडवर उतरले की इथपर्यंत चालत नाही, पळते. दरवेळी. हा दारात दिसला की मग पाय दुखायला लागतात."

चौकशीच्या बाई बघत राहिल्या. "मला लोक सांगतात, जिथे शांत झोप लागते ते घर," त्या म्हणाल्या. "तुम्ही उलटं सांगताय."

"झोप तर पाहुण्यालाही लागते."

ती हे बोलली आणि थांबली. थांबावंच लागलं. वाक्य बाहेर पडून समोर उभं राहिलं होतं आणि ते आता आत घेता येणार नव्हतं. जिथे तिला सुख होतं तिथे ती इतकी वर्षं पाहुणी होती असं काही तिला म्हणायचं नव्हतं. नवऱ्याने तिला कधी परकं केलं नव्हतं. पण आई असेतोवर दादाची काळजी आई वाहत होती, म्हणून ती तिकडे सुखाने राहू शकली. आई गेली आणि ती काळजी तिच्याकडे आली, आणि काळजी जिकडे गेली तिकडे ती गेली, फणी आणि सपाता मागे ठेवून. निम्मं निम्मं काही नव्हतंच. फक्त पारा अजून हलतोय असं ती स्वतःला वर्षभर सांगत राहिली होती.

"असं मला लिहिता येत नाही," चौकशीच्या बाई शेवटी म्हणाल्या. "मला रकाने भरायचे असतात. पण तुम्ही ती वर्तुळं झाकली असती तर मी तुमचा अर्ज आज इथेच थांबवला असता, हे सांगून ठेवते. लोक झाकतात." त्यांनी टॅब उलटा केला, तो फोटो बंद केला. "तिकडचं मतदार यादीतलं नाव, गाडीचा परवाना, सगळं काढून घ्यावं लागेल. नोकरी?"

"बदली मागते. इकडे शाखा आहे, लहान आहे." हेही तिने आत्ताच ठरवलं होतं, म्हणजे ठरलेलं होतं ते आत्ता ऐकलं होतं.

"आणि मिस्टर?"

"तो तिकडे राहील. मी भेटायला जाईन."

"वर्षभराने पुन्हा बघायला येईन मी. तेव्हा तिथे वर्तुळं नसावीत."

"नसतील."

चौकशीच्या बाईंनी टॅबवरच्या शेवटच्या रकान्यात 'कायमची रहिवासी' असं लिहिलं, तिच्यासमोर धरलं, आणि तिने बोटाने सही केली. सही वेडीवाकडी आली. जाताना दादाने दिलेला खोका त्या बरोबर घेऊन गेल्या. दार लागल्यावर ती दादाजवळ जाऊन उभी राहिली. त्याला सांगावं असं काहीच नव्हतं. त्याच्या बाजूने काही घडलंच नव्हतं. "पाहुण्या गेल्या?" त्याने विचारलं. "गेल्या," ती म्हणाली. "घसा बसला होता त्यांचा," तो म्हणाला आणि पुढचा तुकडा उचलला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो खांदा काढून घेऊन म्हणाला, "छोटे, कोन बिघडतो."

फोन वाजला तो नवऱ्याचा. घरघर बंद होती. त्याने मुद्दाम यंत्र थांबवून फोन केला होता.

"काय झालं गं? आल्या होत्या का?"

"आल्या होत्या. झालं. मिळालं."

"मिळालं?" त्याने सुस्कारा टाकला, तो खरा होता, त्यात काही मिसळ नव्हती, आणि त्यामुळेच तिला रडू आलं. "बघ, म्हटलं नव्हतं मी? मी पण काय कलाकार आहे बघ. तुझं सगळं उचलून खोक्यात टाकलं, हँगरसकट. असं घर केलं की मलाच वाटलं, मी लग्न केलंय की नाही." तो हसला. ती हसायची वाट बघत थोडा थांबला. "ऐक, आता परत लावून ठेवतो. काय कुठे असतं तेवढं सांग. ती डबी उजवीकडे ना?"

ती खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या इमारतीत कुणीतरी दोरीवरचे कपडे एकेक करून आत घेत होतं.

"नको लावूस," ती म्हणाली.

"अगं, येशील तेव्हा लागेल ना."

"खोकं बंद कर आणि इकडे पाठवून दे."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं, दुसऱ्या खोलीतला पोकळ आवाज, आणि चिकटपट्टी ओढल्याचा लांबलचक चर्रर्र. एकदा. मग पुन्हा एकदा, आडवी. तो नेहमी दुहेरी लावत असे.

"वर काय लिहू?" त्याने विचारलं.

"माझं नाव आणि पत्ता."

पेनाचं टोपण निघालं. त्याला रस्ता माहीत होता, घराचा नंबर माहीत होता, तो लिहिता लिहिता ते पुटपुटत होता. मग थांबला.

"पिनकोड सांग," तो म्हणाला. "तो कधी लिहायची वेळ आली नाही."

तिने एकेक आकडा सांगितला, सावकाश, चूक होऊ नये म्हणून, आणि प्रत्येक आकडा तिच्यामागून तो परत म्हणत गेला.